तेरहून समुद्राकडे

इतिहासाच्या तासाला मुलांनी प्रश्न विचारू नयेत, असे आम्हा मास्तर लोकांना मनातून वाटत असते. गणिताच्या प्रश्नाला उत्तर असते, व्याकरणाच्या प्रश्नाला नियम असतो. इतिहासाचा प्रश्न मात्र कुठे घेऊन जाईल ह्याचा नेम नाही. मला तो तेरहून थेट समुद्रात घेऊन गेला. त्याचीच ही हकिगत आहे.

तेर हे आमचे गाव धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी आहे. ज्या जिल्ह्याला आपण उस्मानाबाद म्हणत होतो, त्याचेच नाव २०२३ साली धाराशिव झाले. बाहेरच्या जगाला तेर ठाऊक आहे ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून. काकांच्या समाधीला येणारा वारकरी नदीकाठी हातपाय धुतो, दर्शन घेतो आणि परत जातो. ज्या पांढरीच्या टेकाडांवरून तो चालत गेला, त्यांच्या पोटात दोन हजार वर्षांची पेठ झोपलेली आहे हे त्याच्या गावीही नसते. त्याला तरी दोष का द्यावा? गावातल्या आम्हालाही पावसाळ्यात मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येऊ लागल्या म्हणजेच तिची आठवण होते. ह्या वस्तू गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी जन्मभर वेचल्या, आणि त्यांतूनच आजचे आमचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले.

माझी स्वतःची परीक्षा मॅट्रिकपाशीच थांबली. पुढचे शिक्षण पुस्तकांनी केले आणि उरलेले पोरांनी. चारदोन कादंबऱ्या लिहून झाल्या, तरी फळ्यासमोर उभे राहण्याची सवय सुटली नाही. पंधरा वर्षांपूर्वी असाच एकदा वर्गात रंगून सांगत होतो: आपले तेर म्हणजे प्राचीन तगर, आपल्या गावचे कापड समुद्रापार रोमच्या राज्यात जात असे. मागच्या बाकावरचा एक काळासावळा पोरगा उभा राहिला.

"गुरुजी, आपलं कापड समुद्रावर गेलं कसं? आपल्याकडं तर प्यायला पाणी टँकरनं येतंय."

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "बैलगाड्यांनी गेलं. बस खाली." पोरगा बसला. पण ते उत्तर नव्हते हे त्यालाही कळले आणि मलाही. खरे सांगायचे तर मी तोवर समुद्र पाहिलाच नव्हता. पुस्तकात पाहिला होता, सिनेमात पाहिला होता. पण वयाची तिशी उलटली तरी खाऱ्या पाण्यात माझे पाऊल पडले नव्हते. वर्षे गेली. पोरगा शिकला आणि नोकरीला अलिबागकडे लागला. गेल्या वर्षी त्याचा फोन आला, "गुरुजी, माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंय. इकडं या, दोघं मिळून शोधू."

आता ज्या समुद्राकडे मी निघालो, त्याच्याशी तेरचे नाते काय ते आधी सांगितले पाहिजे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने आपल्या भाईबंदांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. तिला 'एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस' म्हणतात. लेखकाचे नाव कुणालाच ठाऊक नाही. परंतु माणूस मोठा चौकस. कोणत्या बंदरात काय विकावे, काय घ्यावे, राजा कसा, खडक कुठे, सगळे त्याने नोंदवले आहे. दक्षिणापथातल्या दोन पेठा त्याने थोर म्हणून सांगितल्या. पहिली पैठण, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीक येत आणि तगरहून जाडेभरडे कापड व तऱ्हेतऱ्हेच्या मलमली येत. हा माल गाड्यांवर लादून, जिथे धड रस्ता नाही अशा मुलखातून भडोचला नेत. म्हणजे माझे बैलगाडीचे उत्तर अगदीच खोटे नव्हते. फक्त त्यात तीस दिवसांची धूळ नव्हती.

हे तगर कोणते, ह्यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. कुणी देवगिरी म्हटले, कुणी जुन्नर, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरचे नाव सुचवले. अखेर १९०१ साली फ्लीट ह्यांनी तेर म्हणजेच तगर असे दाखवून दिले. त्यानंतर लवकरच हेन्री कझिन्स ह्यांनी येथे येऊन टेकाडे व देवळे पाहिली. आमचे त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मागून अर्धगोल आहे. ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे कझिन्सांचे म्हणणे पडले. पुढे १९५८ साली आणि त्यानंतरही येथे उत्खनने झाली. आमच्या संग्रहालयात हस्तिदंताची एक नाजूक स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई येथे सापडली. ज्वालामुखीच्या राखेखाली ते शहर गाडले गेले ते इसवी सन ७९ मध्ये. त्याआधीच कधीतरी ती भारतीय बाई समुद्र ओलांडून तिथे पोचली होती.

मौज अशी की, तेरणेचे पाणी मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी जाते पूर्व समुद्राला. गावचे पाणी गेले पूर्वेला आणि गावचे कापड पश्चिमेला! पाणी उताराने गेले. माणूस मात्र घाट चढून, उतरून, जिकडे गिऱ्हाईक तिकडे गेला.

पण मग तेरच्या व्यापाऱ्याने जवळचे कल्याण आणि चौल सोडून भडोचपर्यंत तीस दिवसांची पायपीट का करावी? ह्याचेही उत्तर त्याच ग्रीकाने देऊन ठेवले आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर खुले बंदर होते. पुढे तेथे जाण्यास अडथळा झाला, आणि चुकून एखादे ग्रीक गलबत आलेच तर त्याच्यावर पहारा बसवून त्याला भडोचला पाठवू लागले. तो काळ सातवाहन आणि क्षत्रप ह्यांच्या झटापटींचा होता. भडोच क्षत्रपांकडे, जकात ज्याच्या बंदरात त्याचा खजिना भरला. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पाडाव केला. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. दोन राजे बंदरासाठी भांडले, आणि त्यापायी आमच्या कोष्ट्याचे कापड लांबच्या वाटेने गेले. राजांच्या भांडणाचे भाडे बैलांनी भरले म्हणायचे!

गेल्या मार्गशीर्षात, वद्य दशमीच्या पहाटे, आम्ही दोघे रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उभे होतो. रेवदंडा आणि चौल ही जोडगावे. पेरिप्लसमध्ये कल्याणच्या खाली जे सेमुल्ल नावाचे बंदर येते, ते हे चौल. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये 'चेमुल'च्या माणसांची नावे आहेत, तेही हेच. समोर कुंडलिकेची खाडी समुद्राला मिळते, आणि पलीकडच्या तीरावर कोर्लईचा डोंगर पाण्यात मान घालून बसलेला आहे.

आमचा वाटाड्या कोळी होता. वय तिशीचे, बोलणे मोजके. तो पर्यटकांना कयाकमधून खाडी दाखवतो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पायी फिरवतो. कयाक म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या लोकांची चिंचोळी होडी. ते ती सीलच्या कातड्याची करीत. आमच्यापुढे होती ती प्लास्टिकची, भडक नारिंगी. वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. मी आणि माझा विद्यार्थी एका होडीत, तो एकटा दुसरीत. आम्हाला तरंगत ठेवणारी जाकिटे घालून त्याने पट्टे स्वतः ओढून पाहिले.

"मास्तर, आज दशमी," तो म्हणाला. "दाहाची पाऊणकी किती?"

मी चमकलो. आजकालच्या मुलांना पाऊणकी येत नाही म्हणून मी वर्गात कपाळावर हात मारून घेतो, आणि इथे समुद्रकिनारी एक माणूस मलाच पाऊणकी विचारत होता! "साडेसात," मी म्हणालो.

"मंग साडेसातला भरती पुरी. त्याच्या आगंमागं पानी उभं ऱ्हातं. तेवढ्यात पलीकडं जायचं, डोंगराच्या कडेनं चालायचं, आन् साडेआठला परत होडीत. त्यानंतर खाडी भायेर धावते."

कोकणातला हा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे ढोबळमानाने भरतीची वेळ निघते. चंद्र रोज पाऊण तास उशिरा येतो, म्हणून पाणीही पाऊण तास उशिरा चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाण्याला जोर येतो, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास जोर ओसरतो, तो भांग. दशमीचा दिवस त्याने आमच्यासारख्या कच्च्या गड्यांसाठीच निवडला होता.

होडी पाण्यात सरकली आणि माझ्या पोटात गोळा आला. खाली जमीन नाही ही गोष्ट सपाटीच्या माणसाच्या लवकर ध्यानी येत नाही. एकदा आली की ध्यानातून जात नाही. मी डावीकडे जोर दिला की होडी उजवीकडे फिरे. मागून विद्यार्थी सांगू लागला, "गुरुजी, घाई नको. एकदा तुम्ही, एकदा मी." ज्याला मी बाराखडी शिकवली, तो मला वल्हे शिकवत होता. पण दहा मिनिटांत हात जुळले. डोंगराकडून मतलई वारा पाठीवर येत होता, पाणी काचेसारखे स्थिर होते, आणि वल्ह्यावरून ओघळणारे थेंब तेवढे वाजत होते. भीती केव्हा गेली ते कळलेच नाही.

कोर्लईच्या पायथ्याशी होड्या वर ओढून आम्ही चालू लागलो. हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतला, आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. खाली दीपगृह आहे. शेजारच्या कोर्लई गावात आजही काही घरांतून पोर्तुगीज आणि मराठी ह्यांच्या मिलाफातून घडलेली एक निराळी बोली बोलतात. राज्य गेले, तोफा गंजल्या, पण आयांनी मुलांना शिकवलेले शब्द राहिले.

वर तटावर गेलो आणि माझे भान हरपले. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, पलीकडे नारळी-पोफळींत बुडालेले चौल. इतके दिवस ज्या गोष्टी मी फळ्यावर लिहिल्या, त्या सगळ्या डोळ्यांपुढे एकदम आल्या.

उत्तर कोकणावर आठव्या-नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत शिलाहारांचे राज्य होते. हे राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला काय म्हणवीत? 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगरीचे स्वामी! राज्य ठाण्याचे, उत्पन्न बंदरांचे, आणि बिरुद आमच्या तेरचे. आपले मूळ तगरचे, ही आठवण त्या घराण्याने शेकडो वर्षे जपली. ९१६ च्या सुमारास अल् मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला, तेव्हा तेथे झंझ राजा राज्य करीत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. हा झंझ शिलाहारच. म्हणजे समोर दिसणाऱ्या ह्याच बंदरात अरबांची गलबते नांगर टाकीत होती, आणि त्यांच्याकडून जकात घेणारा राजा स्वतःला तेरचा धनी म्हणवीत होता.

आणि त्या घराण्याचा शेवट कुठे झाला? समुद्रातच. १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने कोकणावर स्वारी केली. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर गलबतांवर चढला, आणि यादवांनी त्याला समुद्रातही सोडले नाही. तो बुडून मेला. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला समुद्राचा अग्नी बरा वाटला, अशा अर्थाचे हेमाद्रीने लिहून ठेवले आहे. विजयी राजाचा प्रधान असेच लिहिणार. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे काही वीरगळ आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते आणि लढणारे, पाण्यात पडणारे वीर कोरलेले आहेत. ते ह्याच युद्धाचे असावेत, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तेरचा धनी म्हणवणारा राजा बुडाला, आणि त्याच्याबरोबर वल्ही मारणारे किती बुडाले त्यांची नावे कुणी लिहिली नाहीत.

हे सगळे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगत होतो. तो ऐकत होता, आणि मी आणखी रंगत होतो. खालून वाटाड्याने एकदा हाक मारली; मी "आलोच" म्हटले. दुसऱ्यांदा हाक मारली. मी हात हलवला. तिसऱ्यांदा त्याने हाक मारलीच नाही. आम्ही खाली उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

खाडी ओळखू येत नव्हती. सकाळची काच फुटून गेली होती. गढूळ पाणी भोवरे घेत समुद्राकडे धावत होते. पाण्यात उभ्या असलेल्या खुंटाला फेसाची शेपटी फुटली होती.

"चला, निघू," मी म्हणालो.

"आता नाय, मास्तर."

"अहो, समोर तर दिसतोय किनारा. वीस मिनिटांत आलो होतो."

"आलो तवा पानी उभं होतं. आता होडी घातली तर रेवदंडा ऱ्हाईल बाजूला, आन् आपुन जाऊ भायेर. वारा बी फिरंल घटकाभरात."

माझी दुपारची गाडी होती. दुसऱ्या दिवशी शाळा होती. मी थोडा चढ्या आवाजात म्हणालो की, पैसे आम्ही दिले आहेत, आणि बुडालो तर आम्ही बुडू. माझा विद्यार्थी खाली मान घालून वाळू उकरू लागला. त्याला माझी लाज वाटली, हे मला दिसले. वाटाड्या रागावला नाही. होडीच्या सावलीत बसून शांतपणे म्हणाला, "तुमी पोरांची हजेरी घेता ना, मास्तर? मी बी घेतो. तिघं आलो, तिघंच जायचे."

मी गप्प बसलो. आमच्या गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून कोणते मडके भाजले आहे आणि कोणते कच्चे आहे ते पाहिले. गावात शेकडो वेळा सांगितलेली ती गोष्ट, पण थापटणे स्वतःच्या डोक्यावर पडले ते त्या दिवशी, कोर्लईच्या पायथ्याशी.

ओहोटी पुरी होईपर्यंत तीन तास आम्ही थांबलो. त्या तीन तासांत तो आम्हाला किनाऱ्याने हिंडवून आणू लागला. तिवरांची मुळे श्वासासाठी चिखलातून वर कशी येतात, खडकाला चिकटलेली कालवे कोळणी कशी फोडतात, निवट्या नावाचा मासा चिखलावर कसा उड्या मारतो, सगळे त्याने दाखवले. मतलई पडला आणि पश्चिमेकडून खारा वारा सुटला. भूगोलाच्या पुस्तकातले हे दोन वारे मी वीस वर्षे पाठ करून घेतले. ते एकमेकांची जागा घेताना पाहिले ते त्या दिवशी.

आणि चालता चालता मला त्या ग्रीकाच्या पुस्तकातली आणखी एक गोष्ट आठवली. भडोचच्या मुखाशी भरती-ओहोटी मोठी भयंकर. वाळूचे दांडे, धावते पाणी, नवख्या गलबताचा तिथे निभाव लागत नसे. म्हणून राजाने कोळी चाकरीस ठेवले होते. ते 'त्रप्पग' आणि 'कोटिंब' नावाच्या मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परदेशी गलबतांना दांड्यांतून वाट दाखवीत, वल्ही मारून ओढीत आणीत. भरती असेल तेवढे चालायचे. ओहोटी लागली की ठरलेल्या जागी नांगर टाकून थांबायचे. ते थांबवीत असत तेव्हा गलबतांचे धनीही असेच चिडत असतील, रोमच्या सोन्याचा तोरा दाखवीत असतील. आणि ते कोळीही असेच होडीच्या सावलीत बसून राहत असतील.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले. मी त्याला हाक मारली. "अरे, तू विचारलं होतंस ना, आपलं कापड समुद्रावर गेलं कसं? ते बैलांनी नेलं आणि असल्या माणसांनी पोचवलं. कोष्ट्यानं विणलं, गाडीवानानं तीस दिवस हाकलं. पण शेवटी पाणी केव्हा उभं राहतं हे ज्याला ठाऊक, त्यानं 'आता नाही' म्हटलं म्हणून ते पोचलं. नाहीतर पाँपेईची बाई पाँपेईला गेलीच नसती."

तो हसला. म्हणाला, "गुरुजी, उत्तर पंधरा वर्षं उशिरा आलं, पण बरोबर आलं."

दीडच्या सुमारास वाटाड्याने खुंटाकडे पाहिले. फेसाची शेपटी नाहीशी झाली होती. "चला," तो म्हणाला. वाऱ्याने बारीक लाटा उठल्या होत्या, दोनदा पाणी अंगावर आले. पण आम्ही नीट पार झालो. पलीकडे पाणी इतके मागे हटले होते की, गुडघाभर चिखलातून होड्या ओढीत न्याव्या लागल्या. निरोप घेताना मी त्या माणसाला हात जोडले आणि सकाळच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. "असू द्या, मास्तर," तो म्हणाला, "समुद्रावर पयल्यांदा समदेच बोलतात."

माझी गाडी चुकली ती चुकलीच. शाळेला एक दिवस उशिरा पोचलो.

तेव्हापासून आमच्या वर्गात एक नवी रीत सुरू झाली आहे. रोज सकाळी मी फळ्यावर तारखेशेजारी तिथी लिहितो, आणि मुले पाऊणकीने चौलची भरती काढतात. तेरणेच्या कोरड्या पात्राकाठी बसून समुद्राचा हिशेब! पाऊणकी आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. परवा पंचमी होती. एका मुलीने झटकन 'पावणेचार' म्हणून सांगितले, आणि मग थोडा विचार करून विचारले,

"गुरुजी, मग तो दादा आता होडी थांबवून बसला असेल का?"

मी घड्याळाकडे पाहिले. अकरा वाजत आले होते. ओहोटी नुकतीच संपून पाणी चढू लागले असणार.

"नाही," मी म्हणालो. "आता निघाला असेल."